रुखवताची बिल्टी

दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर असणं म्हणजे बिनघोर राज्य. टायर फुटला तर मालकाचा, चलान आलं तर मालकाचं. कुणाच्या म्हशीला धक्का लागला तर म्हैस म्हैसवाल्याची आणि भांडण मालकाचं. उमरग्याच्या नबीलालनं हे राज्य वीसेक वर्षं भोगलं. अण्णाराव सेठच्या ट्रकवर सोलापूर-हैदराबाद रस्ता त्यानं इतका तुडवला, की कुठल्या ढाब्यावरची डाळ कुठल्या दिवशी पातळ असते, तेही त्याला ठाऊक.

मग गेल्या वर्षी गड्यानं स्वतःची गाडी घेतली. दहा चाकी, जुनी, पण इंजिन ठणठणीत. मागं लेकीचं नाव रंगवलं, 'मदिहा', आणि दारावर 'नबीलाल ट्रान्सपोर्ट, उमरगा'. काय ते कौतुक! गाडी धुवायला लागला की बायको बिस्मिल्लाबी म्हणायची, "अजी, एवढं कधी लेकराला न्हाऊ घातलं नाही तुम्ही."

या गाडीवर एक जुनी जबान होती. तालुक्यातल्याच एका खेड्यातला बंडप्पा हा नबीलालचा जिवलग. दोघं शाळेत एका बाकावर बसले आणि नापासही एकाच वर्षी झाले. बंडप्पाच्या लग्नात नबीलालनं सेठला न विचारता सेठच्याच ट्रकमध्ये अख्खं वऱ्हाड घातलं होतं. परत आल्यावर सेठ कडाडला, "माझं घर बुडवायला निघालास का रे?" नबीलालला वाटलं, काय कंजूष माणूस आहे! पुढं बंडप्पाच्या मुलीचं, हर्षालीचं बारसं झालं, तेव्हा पाळण्यापाशी उभा राहून तो म्हणाला होता, "हिचं वऱ्हाड माझ्या सोताच्या गाडीत न्हेणार. जबान दिली."

आता हर्षालीचं लग्न ठरलं होतं. लग्न मुलाकडं, तिकडं भूम तालुक्यातल्या ईटला. मुहूर्त रविवारचा.

त्याच आठवड्यात नबीलाल योगीराजकडं रिटर्न भरायला गेला. योगीराज उमरग्यातला कर सल्लागार, माणूस सरळ, पण जीभ तिखट. गाडी उभी राहिली तरी आयकरवाले टनाच्या हिशेबानं दर महिन्याला कमाई धरतात, यावरून नबीलालनं आधी त्याच्याशी हुज्जत घातली. मग उठता उठता म्हणाला, "सह्या मंगळवारी करतो. रविवारी वऱ्हाड न्यायचंय ईटला."

"कशात?"

"कशात म्हंजी? गाडीत!"

योगीराजनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नबीलालभाई, तुम्ही कंपनी न्हाय, भागीदारी न्हाय. तुम्ही प्रोप्रायटर. म्हंजी नबीलाल ट्रान्सपोर्ट आन् नबीलाल एकच. गाडीचं देणं ते तुमच्या घराचं देणं. रस्त्यावरच्या माणसाला काय झालं तर विमा भरून देतो. मालाच्या गाडीत कोंबलेल्या वऱ्हाडाला दमडी देत न्हाय."

"मग करून टाका की कंपनी!"

"एका गाडीसाठी? शेळीला हत्तीची झूल! आन् केली तरी चालवणार तुम्हीच. उद्या फाळक्यावरून लेकरू पडलं, तर कागद बदलल्यानं उठंल का ते?"

नबीलालला बंडप्पाचं लग्न आठवलं. मागं माणसांची खच्चून गर्दी, बंडप्पाची चुलती मथुराबाई एका हातानं दोर धरून वाटभर गाणी म्हणतेय, आणि आपण पुढं शिट्टी वाजवत गाडी भन्नाट हाणतोय. एक खड्डा चुकवायचा राहिला असता तर? अण्णाराव सेठच्या शिव्या त्याला इतक्या वर्षांनी आज समजल्या.

तो तसाच बंडप्पाच्या दारात गेला आणि आडपडदा न ठेवता सगळं बोलून गेला. घरावर येईल, माणसांच्या जिवावर बेतेल, एसटीची बस ठरवू, पैसे मी देतो.

बंडप्पा मांडवाच्या मेढी मोजत होता. त्यानं मान वर केली नाही. "मालक झालास रे नबी. डायवर होतास तवा बरा होतास."

"आरं, तुझ्याच माणसांच्या जिवाचं बोलतोय म्या!"

"एसटी काय मला गावत न्हाय? म्या गाडी मागितली नव्हती. तुला मागितलं होतं." आणि तो आत निघून गेला. लहानपणापासूनच्या दोस्तीत नबीलालला त्या दारातून पाण्याशिवाय परत यायची ही पहिलीच वेळ.

बिस्मिल्लाबीनं सगळं ऐकून घेतलं. "जबान मोडली ते बरं केलं. घरात मीबी राहते. पण दोस्ती कशाला मोडून आलात?"

"म्या मोडली का?"

"मग जोडा की. टायर पंक्चर झाला तर गाडी टाकून येता का तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी योगीराज ऑफिस उघडायला आला, तर पायरीवर नबीलाल बसलेला. आत शिरता शिरताच म्हणाला, "एवढंच सांगा, मालाच्या गाडीत कायद्यानं बसतं कोण कोण?"

"ड्रायव्हर, क्लीनर, हमाल." योगीराजनं डोकं खाजवलं. "आन् मालाचा मालक. त्याला मालाबरोबर बसता येतं. त्याला विमाबी हाय."

"पुन्हा म्हणा!"

योगीराजनं पुन्हा म्हटलं. नबीलालनं टेबलावरून वाकून त्याचे दोन्ही हात धरले आणि चहा न पिताच पळाला.

बंडप्पा ओसरीवर बसला होता. नबीलालनं त्याच्यासमोर मालाच्या पावत्यांचं बिल्टीबुक आपटलं आणि मोठ्यानं वाचलं, "माल : कपाट, पलंग, संसाराची भांडी, रुखवत. पोच : ईट. भाडं : सव्वा रुपया. मालक : बंडप्पा, मालासोबत गाडीत हजर. आता ऐक. माणसं एसटीनं येतील. पोरीचं सामान माझ्या गाडीतनं जाईल, आन् मालाचा मालक क्याबिनमधी माझ्या शेजारी बसंल. कुणाच्या बापाचं भ्या न्हाय!"

बंडप्पानं बिल्टी उचलून ओळीवर बोट ठेवत पुन्हा वाचली. आतून त्याच्या बायकोनं न सांगता पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"सव्वा रुपया लई होतो," बंडप्पा म्हणाला. "रुपयात जमव."

रविवारी पहाटे पुढं एसटी, मागं 'मदिहा'. बंडप्पा नवा फेटा बांधून क्याबिनमध्ये असा ताठ बसला, की नवरदेवही तसा बसत नसेल. एका नाक्यावर पोलिसानं गाडी अडवली आणि विचारलं, "हे कोण?" नबीलालनं तोंड उघडायच्या आत बंडप्पानं खिडकीतून बिल्टी फडकवली. "मालाचा मालक!" इतक्या जोरात ओरडला, की पोलिसानं हसतच जायची खूण केली. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या दुकानांपाशी मात्र मालकाला मोह पडला. "थांब रं, दोन पोती टाकू मागं."

"बिल्टीत न्हाय. आन् त्यो माल चढला तर लग्नाआधी आपलाच बार उडंल. गप बस."

लग्न छान झालं. जेवणं झाली, सामान उतरलं, हर्षाली गळ्यात पडून रडली आणि नव्या घरात गेली. वऱ्हाड एसटीत बसू लागलं. बंडप्पा तेवढा रिकाम्या ट्रकच्या फाळक्यावर हात ठेवून उभा होता.

"नबी, म्या एसटीनंच जातो रं."

"का?"

"कपाट गेलं, पलंग गेला, लेक गेली. आता म्या कशाचा मालक?" एवढं बोलला आणि तो भर रस्त्यात, नव्या फेट्याच्या शेमल्यात तोंड घालून रडायला लागला.

नबीलालला वाटलं, याला एसटीत मागच्या बाकावर एकटं रडत पाठवायचं? छट्! त्यानं इकडंतिकडं बघितलं. मुलाचे वडील गुंडाप्पा मुलीच्या गावाकडच्या माणसांसाठी खव्याच्या पेढ्यांचा भला मोठा डबा एसटीत ठेवायला निघाले होते. "व्याही, दम धरा!" नबीलालनं डबा जवळजवळ हिसकावलाच. तो बंडप्पाच्या हातात दिला, खिशातून बिल्टीबुक काढलं आणि बोनेटवर टेकवून लिहायला लागला.

"माल : पेढे, डबा एक. मालक : बंडप्पा."

बंडप्पानं डोळे पुसले. "भाडं?"

"दोन पेढे. चढ आता, मालासोबत."

बंडप्पा चढला. डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं आणि पहिले दोन पेढे नबीलालच्या तोंडात कोंबले. नबीलालनं गाडी सुरू केली.

"सावकाश हाण," बंडप्पा म्हणाला. "लवकर पोचून तरी काय करायचं? घरात पोर न्हाय."

तोंड भरलेलं असल्यामुळं नबीलालला बोलता आलं नाही. उमरग्यापर्यंत त्यानं गाडी अशी हळू नेली, की मागून निघालेली एसटी हॉर्न वाजवत पुढं गेली, आणि तिच्या खिडक्यांतून सगळं वऱ्हाड या दोघांना हात करत होतं.