भिंतीपलीकडचं ऑफिस

माझी भाची ऑफिसला कशी जायची, ते आधी सांगते. केस नीट विंचरायचे, इस्त्रीचे कपडे घालायचे, खांद्याला पर्स अडकवायची. समोरच्या खोलीत खुर्चीत बसलेल्या बापाला म्हणायचं, "येते हं बाबा." मी स्वयंपाकघरातून ओरडायचं, "जपून जा गं!" मग बाईसाहेब समोरच्या दाराने बाहेर, इमारतीला वळसा, मागच्या गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत आमच्याच स्वयंपाकघराच्या दाराशी. कडी मी आधीच काढून ठेवलेली. चपला हातात घेऊन चोरासारखी आत शिरायची आणि बाजूच्या आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. झालं, ऑफिस सुरू.

समोरच्या बिऱ्हाडातली बाई एकदा मला गाठून म्हणाली, "नोकरी गेली वाटतं हिची? बापाला सांगायची लाज वाटत असेल." मी म्हटलं, "तुमचं दूध उतू चाललंय, ते बघा आधी." लोकांना नसत्या चौकशा फार.

नोकरी गेली नव्हती, पण जाण्याच्या बेतात होती. कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत ही फोन घ्यायची. कुणाचं यंत्र पाणी ओढत नाही, कुणाचं घरभर थरथरत फिरतंय. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या खायच्या आणि वर गोड आवाजात विचारायचं, "आणखी काही मदत करू का?" कंपनीने काम घरून दिलं, तेव्हा आम्ही खूश झालो होतो. वहिनी जाऊन वर्ष झालं होतं, तिच्या बापाची, म्हणजे माझ्या दादाची, स्मरणशक्ती धड राहिलेली नव्हती. लेक घरात राहील, मीही येऊन राहिलेच होते, मग आणखी काय हवं?

कसलं काय! दादाला ती घरात आहे एवढं कळायचं आणि तेवढंच कळायचं. "बाळ, माझा चष्मा?" चष्मा नाकावर. "बाळ, तुझी आई कुठे गेली?" आता याचं काय उत्तर देणार? दार लावलं तर दारावर थापा. एकदा फोनवर गिऱ्हाईक असतानाच हा आत शिरला आणि मोठ्यांदा रडायला लागला. कंपनीचे लोक ते फोन चोरून ऐकतात म्हणे. घरातला आवाज आला की ताकीद. दोन ताकिदी मिळून झाल्या होत्या, तिसरीला नारळ. आणि तिच्या पगारावर तर घर चाललेलं. पोरीच्या नाकी नऊ आले. कानात कापूस घालून बघितला, दाराला गादी लावून बघितली, पहाटे उठून बघितलं. बापाच्या हाकेपुढे कशाचं काही चालेना.

मग एक दिवस ती साबण आणायला म्हणून बाहेर पडली. दादाने मला विचारलं, "ऑफिसला गेली का?" मी आपलं म्हटलं, "हो." तर हा गप्प बसला. चिडीचूप! ती येईपर्यंत एक हाक नाही.

मला लगेच उलगडा झाला. दादाने उभा जन्म छापखान्यात मशीनवर काढला. तरुणपणी कुणीतरी मागून हाक मारली, याने वळून बघितलं आणि बोटाचं एक पेर मशीनने नेलं. तेव्हापासून त्याचा कायदा होता, कामावरच्या माणसाला हाक मारायची नाही. वहिनी विसरलेला डबा घेऊन जायची ती फाटकाबाहेर सुट्टी होईपर्यंत उभी राहायची. डोक्यातलं बाकी सगळं पुसलं गेलं, पण हा कायदा तेवढा शाबूत राहिला.

तर असं ते नाटक सुरू झालं. संध्याकाळी काम संपलं की पुन्हा मागच्या दाराने बाहेर, वळसा, समोरची बेल. मी दार उघडायची. "आले हो बाबा!" दादाचा चेहरा असा फुलायचा की विचारू नका. "आली माझी साहेबीण! दमलीस ना?" मग दोघं तासन् तास हात हातात धरून बसायची. काम सुधारलं, कंपनीने शाबासकी दिली. मी तिला चिडवायची, "साहेबीणबाई, आज रस्त्यात गर्दी होती का?" ती म्हणायची, "मांजर आडवं बसलं होतं डब्यावर, उशीर झाला." हसायचो आम्ही.

पण हसण्यासारखं नव्हतं ते. भिंत कसली, नावाला भिंत. दादा दिवसभर मला विचारत बसायचा, "कधी येणार गं ती? आज फार उशीर केला." दुपारी विचारायचा, जेवताना घास हातात धरून विचारायचा. ते सगळं तिला पलीकडे ऐकू जायचं. मी म्हणायची, "येईल रे, कामात आहे." त्यावर तो मान डोलवायचा. "हां, कामात असेल तर राहू दे." भिंतीच्या अलीकडे बाप वाट बघतोय, पलीकडे लेक यंत्राची नळी कशी साफ करायची ते सांगतेय. माझाच जीव तुटायचा, तिचं काय होत असेल?

एकदा भर दुपारी ती पाणी प्यायला बाहेर आली आणि दादा नेमका स्वयंपाकघराच्या दारात उभा. पण त्याने तिला ओळखलंच नाही. लेक ऑफिसला गेलेली, मग ही घरात कशी असेल? "कोण आपण?" त्याने अगदी अदबीने विचारलं. मी घाईघाईने म्हटलं, "माझी मैत्रीण आहे." तर तो तिला सांगायला लागला, "माझी मुलगी साहेबीण आहे बरं का. फार काम असतं बिचारीला. दिवसभर दिसत नाही. करमत नाही हो मला." ती हातात पेला धरून ऐकत होती. मग "बरं, येते" म्हणाली आणि खोलीत गेली. थोड्या वेळाने तोच गोड आवाज भिंतीतून आला, "नमस्कार, काय मदत करू?" त्या दिवशी मात्र मी नळ सोडून रडून घेतलं.

संध्याकाळी मी म्हटलं, "सोड ही नोकरी." ती म्हणाली, "आणि खायचं काय, आत्या?"

त्यानंतर महिना-दोन महिने गेले असतील. दुपारची वेळ होती. दादा खुर्चीत वेगळाच श्वास घ्यायला लागला. ओठ निळे पडले. मी भिंतीवर मूठ आपटली. असं कधी करायचं नाही असं ठरलेलं होतं, त्यामुळे तिला लगेच कळलं. चालू फोन टाकून ती धावत आली. डॉक्टरांना बोलावलं, ते यायला निघाले. ती त्याच्या पायाशी बसून म्हणाली, "बाबा, मी आलेय."

दादाने डोळे उघडले. बघितलं तिच्याकडे, आणि परक्या बाईशी बोलतात तसं बोलला. "बाई, तुम्ही तरी बघा. माझ्या मुलीला निरोप द्या. म्हणावं, काम टाकून येऊ नकोस. पण आली की मला उठवा हं. झोप लागली तरी उठवा."

"बाबा, अहो मीच आहे!" ती ओरडली. त्याने डोळे मिटून घेतले.

मग ती उठली आणि पळाली. मला वाटलं, हिला वेड लागलं. मागचं दार धाडकन आपटल्याचं ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादाचा हात धरून मी मनात म्हणत होते, पळ गं बाई, पळ.

बेल वाजली.

दादाने मान दाराकडे वळवली. "आली," म्हणाला. अगदी स्पष्ट. चेहऱ्यावर रोजचं ते हसू आलं. मी हात सोडून उठले आणि दार उघडलं. दारात ती अनवाणी, पाय चिखलाने भरलेले, छाती धपापतेय. तरी आवाज रोजचाच काढला तिने, "आले हो बाबा!"

खुर्चीतून काही उत्तर आलं नाही. मान तशीच दाराकडे होती.

ती जवळ गेली, गुडघ्यांवर बसली, हात हातात घेतला. मग त्याला हलवायला लागली. हलकेच, झोपलेल्या माणसाला हलवतात तसं. "बाबा, उठा ना. उठवायला सांगितलं होतंत ना तुम्ही? आले मी. बाबा, उठा." डॉक्टर येईपर्यंत ती त्याला उठवतच होती.

फोनवरच्या त्या गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. कोण होतं देव जाणे, पण तिसरी ताकीद आली नाही. नोकरी आहे. आता घरात हाक मारणारं कुणी नाही, अंथरुणातून उठून सरळ टेबलाशी बसली तरी चालेल. बसून बघितलं तिने. लक्षच लागेना. माणसं एक विचारायची, ही दुसरंच सांगायची.

म्हणून ती पुन्हा समोरच्या दाराने जाते. मी "जपून जा गं" म्हणते आणि मागची कडी काढून ठेवते. संध्याकाळी बेल वाजते, मी दार उघडते. ती उंबऱ्यात क्षणभर थांबते, खुर्चीकडे बघते. मग मीच विचारते, "आली माझी साहेबीण? दमलीस ना?"