घरमालकांच्या ड्रमातला शेपू

पाण्यावर इतका अविश्वास असलेला माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही, आणि पाण्यावर इतका जीव टाकणाराही नाही. आमचे चेन्नईचे घरमालक समोर आलेलं कुठलंही पाणी आधी गुन्हेगार समजत. निर्दोष आहे हे त्यानं सिद्ध करायचं. बँकेनं मला तिकडे बदली करून पाठवलं, तेव्हा मैलापुरात देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत त्यांच्या घराचा वरचा मजला आम्हांला भाड्यानं मिळाला. मी सामान उतरवत होतो, तर हे गृहस्थ खिशातून पेनासारखं काहीतरी काढून माझ्या प्रवासातल्या बाटलीत बुडवत उभे. "चारशें ऐंशीं," ते म्हणाले. "एग्मोर स्टेशनावर भरलेंत काय? ओतून टाका." नमस्कार-चमत्कार त्यानंतर झाले.

गल्ली त्यांना रायर म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. ते तंजावरचे मराठी, कित्येक पिढ्या तिकडे मुरलेले. त्यांचं मराठी ऐकताना कुणीतरी जुना दस्तऐवज वाचून दाखवतंय असं वाटे, फक्त मध्येच "सरी, सरी" अशी तमिळ मान डोलायची. माझं मराठी त्यांना फार घाईचं वाटे. सगळी नोकरी रेल्वेच्या प्रयोगशाळेत, वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरचं पाणी तपासण्यात गेलेली. पुढे वाफेची इंजिनंच गेली, पण यांची सवय काही गेली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर मातीशिवाय भाज्या लावल्या. पांढऱ्या पाइपांना भोकं पाडलेली, भोकाभोकात एकेक रोप बसवलेलं, मुळं आत लोंबणारी, आणि खालच्या ड्रमातलं खत विरघळवलेलं पाणी एक छोटा पंप त्या मुळांवरून दिवसभर फिरवणार. झाडांचं जेवणखाण सगळं त्या ड्रमात. त्यामुळे घरातली सगळ्यांत मानाची व्यक्ती म्हणजे तो ड्रम. आम्ही भाडेकरू बरेच खाली.

पेनासारखं जे होतं तो मीटर. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते तो सांगायचा. पालेभाजीला आठशे ते हजार, त्याखाली उपास आणि त्यावर अजीर्ण, असा त्यांचा हिशेब. ड्रमापुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं, पण त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत रसमात मीटर बुडवला आणि वाढप्याला थांबवून आकडा ऐकवला. शहाळ्यात बुडवला. माझ्या बायकोच्या चहात बुडवला आणि तोंड वाकडं केलं. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते दोन दिवस ड्रमाला ताप होता. म्हणजे ऊन चढलं होतं आणि पाणी कोमट झालं होतं. दर तासाला जिना चढून ते उलटा हात ड्रमाला लावून बघत, ओलं गोणपाट गुंडाळत आणि काळजीत उतरत. ड्रमाचं झाकण कुणी किलकिलं ठेवलं की उजेड शिरून शेवाळ धरतं, म्हणून गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येकाकडे ते संशयानं बघायचे. एकाआड एक शनिवारी सगळं पाणी उपसून ड्रम आतून घासायचा. जुनं पाणी अंगणातल्या माडाला, त्यामुळे तो माड गल्लीत सगळ्यांत गुटगुटीत. दिवे गेले की पंप बंद, आणि पाण्यात हवा खेळती राहिली नाही तर मुळं गुदमरणार. मग वेष्टी, म्हणजे तिकडची पांढरी लुंगी, खोचून हे लांब दांड्याच्या पळीनं पाणी ढवळत बसणार. दोनतीनदा ती पळी माझ्याही हातात आली. बँकेत मी अधिकारी होतो हो!

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मूळच्या कऱ्हाडकडच्या. रेल्वेतल्या एका सहकाऱ्याची बहीण, चाळीसेक वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे आल्या. आमच्या दुसऱ्या वर्षी त्यांना कावीळ झाली. कावीळ गेली, पण जेवणावरची वासना काही परत आली नाही. दोन चमचे ताकभात, की पान बाजूला. डॉक्टर म्हणाले, माझी औषधं संपली, आता अंगात अन्न गेलं नाही तर मी काही करू शकत नाही. बाई दिवसादिवसाला वाळत चालल्या. एका संध्याकाळी माझ्या बायकोनं सहज विचारलं, काकू, काय करून देऊ? त्या म्हणाल्या, "शेपू असता तर खाल्ला असता गं. मुगाची डाळ घालून. भाकरीबरोबर."

आमच्या मंडईत शेपू मिळत नव्हता. रायरांनी तर तो जन्मात पाहिला नव्हता. "कसलें झाड तें?" एवढंच त्यांनी मला विचारलं. मी गावाहून बी मागवलं. बारीक पानांच्या, केसासारख्या रोपांनी दोन पाइप भरले तेव्हा जानेवारी होता. तिकडे थंडी म्हणतात ती तेवढीच. काकू रोज अंथरुणातून विचारायच्या, "केवढा झाला?" आणि रायर बोटांवर माप दाखवायचे. रोप वीतभर झालं आणि नवीनच भानगड झाली. रायरांना ड्रमाचा वास येऊ लागला. त्यांची खात्री पटली की कुठंतरी मुळं कुजताहेत. त्यांनी आठवड्यात दोनदा ड्रम उपसला, घासला, पाइप सोडवून धुतले, एकेक मूळ नाकाला लावलं, आणि वास जाईना. अखेर मला वर बोलावलं. मी म्हटलं, रायर, हा शेपूचाच वास. त्यांनी एक काडी चुरगाळून हुंगली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की या माणसाच्या गावाकडे लोक करतात तरी काय! "हें खातात?" ते म्हणाले.

भाजी काढायला आठवडा उरला होता आणि त्यांना चार दिवस तंजावरला जावं लागलं. थोरल्या भावाचं श्राद्ध, टाळता येण्यासारखं नव्हतं. काकू माझ्या बायकोच्या हवाली, ड्रम माझ्या. जाताना त्यांनी मला तीनदा बजावलं. "पाणी उतरलें कीं साधें पाणी घाला. फक्त साधें. बाटल्यांस हात लावूं नका." बाटल्या म्हणजे खताच्या दोन, ड्रमाबाहेर एकमेकींत कधी न मिसळायच्या.

पहिल्याच संध्याकाळी ड्रम चार बोटं उतरला होता. मी पावसाचं साठवलेलं पाणी तांब्यात घेतलं आणि हात थबकला. आजारी माणसासाठी वाढवलेली रोपं, आणि त्यांच्या तोंडी नुसतं पाणी? आमच्या घरी पंगतीत आमटी कमी पडली तर आई पुन्हा फोडणी द्यायची, पण पातेल्यात पाणी ओतायची नाही. वाढणाऱ्याची ती लाज माझ्या रक्तात आहे. मी दोन्ही बाटल्यांतलं एकेक टोपण आत सोडलं. दुसऱ्या दिवशी दीड. त्यांनी माझ्याकडे ठेवलेल्या मीटरचा आकडा रोज चढत होता. हजाराची मर्यादा मी सोयीनं विसरलो, कारण आकडा चढला की आनंद मानायचा हे मला बँकेनंच शिकवलेलं. चौथ्या दिवशी एकवीसशे झाले. हे तंजावरला फोन करून कळवावं असंही माझ्या मनात येऊन गेलं. सुदैवानं नाही केला.

त्याच दुपारी शेंडे करपले. पाण्यात पाय बुडवून उभी असलेली रोपं पाणी न मिळाल्यासारखी माना टाकून पडली. संध्याकाळी रायर आले, पिशवी जिन्यातच ठेवून वर चढले, मीटर बुडवला आणि ड्रमाशेजारी खाली बसले. मी सगळं कबूल केलं.

"बॉयलरासारखेंच आहे हो," ते हळूच म्हणाले. "झाड पाणी फार पितें, क्षार मागें ठेवतें. उरलें पाणी आपणच घट्ट होतें. त्यांस तहान लागली होती, तुम्ही जेवावयास घातलेंत."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात माझ्या बायकोनं वर येऊन सांगितलं, की काकूंनी चार दिवसांत दोन वाट्या ताकाखेरीज काही घेतलं नाही. "तुम्ही नव्हतात ना. पान वाढलं की दाराकडे बघत बसायच्या." रायर उठले आणि ड्रमाची तोटी उघडली.

सगळा ड्रम रिकामा केला आणि तेवढंच साधं पाणी हवं होतं. पावसाचं तळाला गेलेलं. बोअरचं त्यांना मुळीच चालेना. मग पहाटे गल्लीत नळ आला तेव्हा आम्ही दोघं प्लास्टिकच्या कुडमांच्या रांगेत उभे राहिलो. कुडम म्हणजे तिकडची घागर. सत्तरीचा माणूस एक कुडम खांद्यावर घेऊन दोन जिने चढायचा, प्रत्येकात मीटर बुडवायचा आणि मगच ओतायचा. एक त्यांनी नापास केला, तो मी मुकाट खाली नेला. दोन दिवस रोपांना नुसतं पाणी, मग निम्म्या ताकदीचं खत. तिसऱ्या दिवशी सकाळी काही माना वर आल्या होत्या. मी गच्चीवर चक्क टाळी वाजवली. निम्मी रोपं गेली, निम्मी राहिली.

भाजी झाली एका छोट्या कढईपुरती. माझ्या बायकोनं भाकऱ्या केल्या. काकूंना भिंतीला टेकवून बसवलं, पान वाढलं. त्यांनी वास घेतला आणि डोळे मिटले, पण हात पुढे जाईना. रायर समोर बसले आणि म्हणाले, "मलाही वाढा." त्यांनी मोठा घास घेतला. मला त्यांचा चेहरा दिसत होता. नाकपुड्या आवळल्या होत्या, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते चावत होते. ते बघून काकूंनी एक घास घेतला. मग दुसरा. रायरांनी आणखी मागितली, तशी काकूंनीही मागितली. त्या दिवशी त्यांनी पाऊण भाकरी खाल्ली. माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली.

नंतर गच्चीवर मी विचारलं, "कसा लागला?"

"भयंकर," रायर म्हणाले. ते नवीन बी पेरत होते.

"मग दोनदा का घेतलात?"

"ती एकटी जेवत नाहीं. चार दिवस तंजावरास गेलों तेव्हां कळलें. चाळीस वर्षें मी तिच्या आधीं जेवून उठत होतों."

त्यानंतर आम्ही होतो तोवर ते आठवड्यातून दोनदा शेपू खात होते, काकूंसमोर बसून. काकू हिंडूफिरू लागल्या, माझ्या बायकोशी बाजारात यायला लागल्या. मग माझी नागपूरला बदली झाली. महिन्याला एक कार्ड यायचं, जुन्या वळणाच्या अक्षरात दोनच ओळी. "ड्रम नऊशें. सौ. दीड भाकरी." कधी एक, कधी सव्वा. मी ते बायकोला वाचून दाखवायचो आणि आम्ही हसायचो. शेवटचं कार्ड आलं त्याला आता बरेच दिवस झाले. त्यात फक्त ड्रमाचा आकडा आहे. त्यांचा फोन नंबर माझ्या डायरीत आहे. लावायचं म्हणतो रोज, पण भीती वाटते.