दुखण्याला चार गुण

चौतीस वर्षांच्या नोकरीत सरांनी दहापैकी सहाच्या वर गुण कुणालाच दिले नाहीत, म्हणून त्यांचं नाव सहावाले सर पडलं, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ते अंगाला चिकटून राहिलं. विषय भूगोल. मुलांनी नद्या अचूक काढाव्यात, डोंगर जागच्या जागी ठेवावेत, वाऱ्यांच्या दिशा घडाघडा म्हणाव्यात, आणि पेपर हातात आला की सहा. एकदा मुख्याध्यापकांनी गंमत म्हणून स्वतःच उत्तर लिहून, नाव न घालता, गठ्ठ्यात सरकवून दिलं. त्यांना साडेपाच मिळाले. ते पुढे वर्षभर सरांशी नीट बोलले नाहीत, आणि सरांना त्याचं कारण कधी कळलं नाही.

"दहापैकी दहा म्हणजे पुढे शिकायचं काही उरलंच नाही," सर म्हणायचे. "असा माणूस शाळेत येईल कशाला?"

घरातही सूट नव्हती. बायकोनं नवा पडदा लावला की सर मान तिरकी करून बघायचे आणि म्हणायचे, "बरा आहे." बरा म्हणजे पाच. बायको न्यायालयात टंकलेखनाच्या नोकरीत तीस वर्षं घालवून आलेली. दोन्ही बाजूंचे कागद टंकून टंकून माणसांचा राग कधी येऊ द्यायचा आणि कधी गिळायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती पाचावर समाधान मानायची.

अशा या माणसाला गेल्या वर्षी नागीण झाली. डाव्या बाजूला, पाठीच्या मणक्यापासून छातीखालपर्यंत, फोडांचा पट्टा उठला. तीन आठवड्यांत फोड वाळून गेले. दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. डॉक्टरांनी समजावलं की हा विषाणू जाताना नसांना खरचटून जातो, आणि मग काहीही झालेलं नसताना त्या नसा बोंबलत राहतात. पंख्याचा वारा लागला तरी सर कळवळायचे. सदऱ्याचं कापड टेकलं की डोळ्यांत पाणी. बायकोनं त्यांचे सगळे सदरे आणि बनियन काढून डाव्या बाजूला वीतभर चौकोन कापून टाकले, आणि मोठ्या विषयांवर बोलणारे सर घरभर खिडकीचा सदरा घालून, डावा हात उचलून धरून फिरू लागले. हसू यावं असंच ते दृश्य होतं. बायकोला हसू यायचं नाही. चौदा महिने तिला त्यांच्या त्या बाजूला बसता आलं नव्हतं, चुकून पदर लागला तरी ते ओरडायचे.

गोळ्या झाल्या, मलमं झाली, पट्ट्या झाल्या. मग मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलं. अशा दुखण्यावर नव्या औषधाची चाचणी चालली होती. बोंबलणाऱ्या तेवढ्याच नसांचं तोंड बंद करायचं, बाकी मेंदूला धक्का लावायचा नाही, असं ते औषध. दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन, बारा आठवडे. निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नाही. आणि रोज संध्याकाळी आठ वाजता एका वहीत दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे.

गुण द्यायचे म्हटल्यावर सर खुर्चीत सरळ झाले. निवृत्तीनंतर कुणी गुण मागितलेच नव्हते.

चाचणीचं काम बघणारी नर्स तरुण होती, उत्साही होती. तिनं तक्ता पुढे केला. "शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही. दहा म्हणजे तुम्ही कल्पना करू शकाल असं जास्तीत जास्त दुखणं. आज किती?"

"कल्पना कुणी करायची?" सरांनी विचारलं.

"तुम्हीच, सर."

सरांनी डोळे मिटले. भूगोलाचा माणूस, त्यांच्या डोळ्यांपुढे ज्वालामुखी उभा राहिला, त्याच्या तोंडातून लाल रस वाहत होता आणि त्यात एक माणूस पाय घसरून पडत होता. त्याला दहा. भूकंपात खांबाखाली सापडलेल्याला नऊ. बर्फात बोटं गळून पडलेल्याला आठ. आपण तर पायांनी चालत आलो आहोत. सरांच्या कपाळावर घामाचे थेंब होते, सदऱ्याच्या खिडकीतून दिसणारी कातडी नुसत्या वाऱ्यानं थरथरत होती, आणि ते म्हणाले, "चार."

"चारच?" नर्स त्यांच्याकडे बघत राहिली.

"जास्त वाटतात का? कमी करू?"

"नको नको!" ती घाईनं म्हणाली, कारण चाराच्या खाली असलेल्याला चाचणीत घेतच नव्हते. सर काठावर पास झाले. तेवीस पानांचं संमतिपत्र त्यांनी लाल पेनानं लांबलचक वाक्यांखाली रेघा मारत वाचलं, शेवटी सही केली आणि लेखनाबद्दल नर्सला सांगितलं, "बरं आहे."

दुसऱ्या इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी सर वर्तमानपत्र वाचत होते. वाचता वाचता ते खुर्चीच्या पाठीला टेकले. टेकल्यावर दोन पानं वाचून झाली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण टेकलो आहोत. ते दचकून पुढे सरकले, पुन्हा हळूच टेकले. काही झालं नाही. आत स्वयंपाकघरात बायकोला त्यांनी याचा पत्ता लागू दिला नाही. पण महिन्याभरात त्यांनी कपाटातून बिनखिडकीचा, जुना, अखंड सदरा काढला आणि आरशासमोर बटणं लावली. बायकोनं दारातून बघितलं. मोलकरणीनं त्या दिवशी विचारलं, "आज काय विशेष, ताई? गुणगुणताय!"

आता वाचकाला वाटेल की वहीतले गुण धडाधड खाली आले असतील. वाचकानं सरांना ओळखलेलं नाही. दुखणं चाराचं एक झालं होतं हे त्यांच्या अंगाला कळत होतं. पण एकदम इतकी प्रगती दिसली की परीक्षकानं आधी बाकाखाली वाकून बघायचं, ही त्यांची चौतीस वर्षांची सवय. औषध आहे की मिठाचं पाणी तेही नक्की नाही. आज एक द्यायचा आणि उद्या दुखणं पुन्हा चढलं तर? परीक्षकाचं हसं होतं. त्यांना पावणेचार द्यायचे होते, वहीत अपूर्णांक चालत नव्हता, म्हणून त्यांनी चार कायम ठेवले. सहाव्या आठवड्यात फार उदार होऊन तीन केले. मग तीन, तीन, तीन.

वही कुणाला दाखवायची नाही असा नियम होता. अकराव्या आठवड्यात सर केस कापायला गेले, आणि बायकोनं नियम मोडला. पानंच्या पानं तीन बघून तिनं वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. कारण संमतिपत्र सरांनी लाल रेघा मारत वाचलं होतं, तिनं ते नुसतंच वाचलं होतं, आणि एकोणिसाव्या पानावरचा मजकूर तिला पाठ होता. शेवटच्या आठवड्यातल्या गुणांची सरासरी पहिल्या दिवसाच्या निम्म्यावर किंवा त्याखाली आली, तरच पुढे वर्षभर औषध मिळणार. नाहीतर आभार आणि निरोप. बाजारात ते औषध यायला अजून कैक वर्षं होती. चाराचे तीन म्हणजे सरांना निरोप, आणि सदऱ्यांना पुन्हा कात्री.

सर घरी आले ते मानेवरचे केस झटकतच. बायको वही घेऊन दारात उभी.

"हे काय आहे?"

"तू वही उघडलीस? अगं, नियम आहे!"

"नियम गेला खड्ड्यात. अहो, एकोणिसावं पान वाचलंत का तुम्ही?"

तिनं वाचून दाखवलं. सरांचा चेहरा उतरला, पण मान ताठच राहिली. "म्हणजे आता औषध मिळावं म्हणून मी गुण बदलायचे? गुण वाढवून मागायला कुणी घरी आलं की मी काय करायचो, ठाऊक आहे ना तुला?"

"दार लावून घ्यायचात. मी आतच राहते, लावा खुशाल."

बायको समोर बसली आणि तिनं न्यायालयात ऐकून ऐकून अंगी मुरलेला उलटतपासणीचा सूर लावला.

"आज दुपारी दुखलं?"

"नाही."

"काल?"

"आंघोळीनंतर जरा. खाजल्यासारखं."

"परवा?"

"आठवत नाही."

"आठवत नाही त्याला तीन गुण?"

"एकदम एवढं उतरलं तर कोण विश्वास ठेवेल?" सर उसळले. "चाराचा एक? असं कधी होतं का? यात कुठेतरी कॉपी असणार!"

बायको हळू आवाजात म्हणाली, "ती दोन वेण्यांची मुलगी आठवते? सहामाहीला नापास आणि वार्षिकला वर्गात पहिली? तुम्ही तिला सगळ्यांसमोर उभं करून पेपर पुन्हा लिहायला लावलात. दुसऱ्यांदा तिला आधीपेक्षा जास्त मिळाले. तुम्ही त्या रात्री जेवला नव्हतात." सर खाली बघत होते. "मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाहीये. आत्ता जे लिहिताय ते खोटं आहे. दुखलं तेवढे द्या, बस. मला पुन्हा ते सदरे कापायचे नाहीत हो." एवढं बोलून ती रडली, आणि रडताना दिसू नये म्हणून भाजी चिरायला बसली.

शेवटच्या आठवड्याच्या पहिल्या संध्याकाळी आठ वाजता सर वही घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं. बायको बाहेर कान टवकारून बसली. आत सर पेन हातात धरून दुखणं शोधत होते. त्यांनी पाठ टेकली, कूस वळवली, सदरा मुद्दाम घासून बघितला, प्रामाणिक विद्यार्थ्याची झडती घ्यावी तशी सगळी बाजू चाचपली. शेवटी त्यांनी एक लिहिला. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी खरंच जरा चमक आली, तेव्हा दोन. आणि दोन देता आले म्हणून त्यांना बरं वाटलं. पुढे एक, शून्य, एक, एक.

इस्पितळात मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आलेख पुढे ओढला. अकरा आठवडे सपाट माळरान आणि बाराव्या आठवड्यात एकदम दरी. बाईंनी चष्मा काढला.

"सर, हे शेवटच्याच आठवड्यात कसं काय उतरलं? पुढच्या औषधासाठी निम्म्यावर यायला लागतं, याची कुणी मुद्दाम आठवण करून दिली होती का?" त्यांची नजर बायकोकडे गेली. "वही कुणी भरली?"

सरांचे कान लाल झाले. इतकी वर्षं ते ज्या जागी बसायचे तिथे आज डॉक्टरीणबाई होत्या, आणि बाकाजवळ मान खाली घालून उभं राहायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. त्यांना खूप काही बोलायचं होतं. तोंडून निघालं ते एवढंच, "मीच भरली. दुखणं केव्हाच उतरलं होतं. मी गुण उतरवत नव्हतो."

"कशावरून?"

हा शब्द सरांनी हजार वेळा उच्चारला होता. समोरच्याला तो कसा लागतो ते त्यांना आज समजलं. पुरावा काही नव्हता. नर्स पेनाचं टोपण काढत होती, घालत होती. एकाच उत्तरावर पुढचं वर्ष अडकलं होतं आणि सरांना ते उत्तर येत नव्हतं.

बायको उठली. तिनं कुणाला विचारलं नाही. सरांच्या डाव्या बाजूला जाऊन तिनं आपला तळवा त्यांच्या सदऱ्यावर, बरोबर त्या पट्ट्यावर, सपाट ठेवला आणि दाबला. सर ओरडले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले, पण ते दुखण्यानं नव्हतं, आणि तेवढं खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

"हे आमच्या नियमांत बसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लिहिलेला एकही आकडा बदलता येणार नाही, आधीचे तिनाचे आकडेही तसेच राहतील. पण शेवटच्या आठवड्याची सरासरी एक आहे, आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवते. फक्त हे असं का झालं ते तुमच्या हातानं लिहून सही करा. आमच्यावरही तपासणारे आहेत."

सरांनी कागद ओढला. तीन ओळी लिहून खोडल्या. मग स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं: "तिसऱ्या ते अकराव्या आठवड्यांत दुखणे कमी झाले असूनही मी गुण तेवढे कमी केले नाहीत. दुखण्याचे काही चुकले नाही. चूक परीक्षकाची." खाली सही केली, तारीख घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच न मागता कागद बायकोला वाचायला दिला. तिनं तो दोनदा वाचला.

दोघं निघाली तेव्हा तिचा हात पुन्हा त्यांच्या डाव्या बाजूवर होता. बाहेरच्या जिन्यावर माणसांची वर्दळ होती. चार लोकांत बरं दिसत नाही म्हणून बायकोनं त्यांच्या बाजूवरचा हात काढून घेतला. सर पहिल्याच पायरीवर थांबले आणि गुरगुरले, "हात काढायला कुणी सांगितलं?"