ईश्वरीच्या वाट्याचं ऊन

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. एकदा देवासमोर बसून मनातल्या मनात म्हणून बघितलं, तर तिथंही दुसरंच काहीतरी पुटपुटून उठले. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित जमेल. बघते.

आम्ही मूळचे लातूरकडचे. आता भोसरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, नवरा जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. धाकटा दीर चाकणला मोठ्या कंपनीत पर्मनंट, थेरगावात त्याचा फ्लॅट. त्याची बायको मनीषा, माझी जाऊ. ती वाईट बाई नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकताना तुम्ही तिच्यात खोट शोधाल. मी कितीतरी वर्षं शोधली. सापडली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

सासूबाई गावाकडून आल्या की आमच्याकडे दोन दिवस आणि तिच्याकडे दोन महिने. आमच्याकडे जागा नाही, हे खरंच होतं. पण मला ते जागेचं कधी वाटलंच नाही.

तिची ईश्वरी आणि माझा प्रणव, दोघांत सहा महिन्यांचं अंतर. ईश्वरी इतकी गोरी की बारशाला आलेली प्रत्येक बाई तिला उचलून दुसरीच्या हातात द्यायची. प्रणव सावळा, हडकुळा. बाराही महिने नाक वाहतंय, पंधरा दिवस गेले की ताप. पाहुण्यांसमोर सासूबाई एकदा म्हणाल्या, "थोरलीचं लेकरू काय, कायम दवाखान्यातच." सहज बोलल्या असतील. मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

प्रणव चार वर्षांचा असताना दिघीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे त्याला नेलं. त्यांनी औषध लिहायच्या आधी भलतंच विचारलं — घरात ऊन येतं का? कुठून येणार? दोन्ही बाजूंना वर्कशॉपचे पत्रे, समोर टेम्पोंची ये-जा, त्यामुळे पोराला बाहेर सोडायची सोय नाही. त्यांनी रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी फार कमी निघालं. मला समजेल असं त्यांनी सांगितलं, की हे हाडांना लागतं, तसंच आजाराशी झगडायला अंगात जी ताकद लागते तिलाही लागतं. अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हानं भागत नाही. दहा-अकराच्या सुमाराला थोडा वेळ, हातपाय उघडे ठेवून. अंडं द्या, दूध द्या. औषध मी लिहून देते तेवढंच, मनानं वाढवायचं नाही, आणि पुन्हा तपासायला आणा.

मी तसंच केलं. घरमालकांच्या गच्चीवर रोज धुणं वाळत घालायला जाताना त्याला बरोबर न्यायचे. तो तिथं उघडाच खेळायचा, पाण्याच्या टाकीवर खडूनं गाड्या काढायचा. लगेच काही झालं नाही. पण हिवाळा सरता सरता लक्षात आलं, की महिना झाला, आपण दवाखान्याची पायरी चढलो नाही. भूक वाढली. गाल भरले.

इथवर सगळं चांगलंच आहे, नाही का? मी इथंच थांबले असते तर बरं झालं असतं.

पाडव्याला आम्ही थेरगावला जेवायला गेलो. ईश्वरी सोफ्यावर पांघरूण घेऊन पडली होती. पुन्हा सर्दी, पुन्हा खोकला, शिवाय पाय दुखतात म्हणून कुरकुर. सासूबाईंनी प्रणवला जवळ ओढलं, गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "याच्यासारखी व्हायला पाहिजे गं आपली ईशू." अख्ख्या घरासमोर. माझ्या पोरासारखी.

तुम्हाला कसं सांगू, काय झालं माझ्यात? वर्षानुवर्षं वाट बघितलेलं काहीतरी हातात पडलं होतं. आणि ते मला कोणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

स्वयंपाकघरात पुऱ्या लाटताना मनीषानं विचारलं, "ताई, प्रणवला काय देता हो? खरं सांगा. ही सारखीच आजारी पडते. डॉक्टर नुसतं खोकल्याचं औषध देतात."

मी म्हणाले, "काही नाही गं. वय वाढलं की सुधारतात पोरं."

हे एक खोटं. एवढंच असतं तर मी ते केव्हाच विसरून गेले असते — माणूस विसरतो. पण ती पुढं म्हणाली, "मला वाटतं हिला जरा खाली खेळायला सोडावं. दिवसभर घरातच असते. शाळेतही बंद गाडीनं जाते."

मी लाटणं खाली ठेवलं. हे मला नीट आठवतं, कारण बोलायच्या आधी मला वेळ मिळाला होता. तोंडातून निसटलं असं म्हणता येणार नाही. मी म्हणाले, "वेडी आहेस का? एवढी गोरी पोर उन्हात घालतेस? रापली की परत येत नाही तो रंग. सांभाळ बाई."

ती हसली. म्हणाली, "तेही खरंच आहे."

तिनं ऐकलं माझं. थोरल्या जावेचं ऐकायचं, असंच तिला आईनं शिकवलेलं. पुढच्या वेळी गेलो तर बाल्कनीला जाड पडदा लागला होता. ईश्वरीला बाहेर नेताना पूर्ण बाह्यांचा फ्रॉक, डोक्याला स्कार्फ. मी बघितलं. बघून काय वाटलं — सांगू? बरं वाटलं. मी तिच्याकडचे पोहे खाल्ले आणि म्हणाले, छान सांभाळतेस हो.

एक वर्षाहून जास्त काळ मी गप्प राहिले. त्यात किती वेळा भेटलो असू? संक्रांत, वाढदिवस, कोणाचं लग्न. त्यातल्या एका वेळी जरी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं — एकदा डी तपासून घे. नाही बोलले. उलट ईश्वरी आजारी आहे असा फोन आला, की मी आधी प्रणवकडे बघायचे.

मग शाळेच्या पायरीवरून ईश्वरी पडली. दोनच पायऱ्या. मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांना शंका आली, त्यांनी रक्त तपासलं. हाडं कच्ची राहिलीत म्हणाले, डी अगदीच कमी.

मी भेटायला गेले. पोर प्लास्टरवर स्केचपेननं फुलं काढत बसली होती. मला बघून तिनं हात पुढं केला, "मोठी आई, तू पण काढ." मी काढलं एक.

मनीषा मला बेडरूममध्ये घेऊन गेली आणि रडायला लागली. "माझ्यामुळं झालं, ताई. तिच्या गोरेपणाचं मलाच कौतुक. मीच कोंडून ठेवलं तिला." मी सांगितलेलं तिला आठवतच नव्हतं. की आठवत होतं आणि तिनं माझ्यावर ढकललं नाही? मला आजही माहीत नाही.

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. दार बंद होतं, दोघीच होतो. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुला काय माहीत होतं, बाई."

हेच शब्द. तिला माहीत नव्हतं — मला होतं.

ईश्वरी आता अकरा वर्षांची आहे. औषधानं आणि उन्हानं सुधारली, कबड्डी खेळते, चांगली रापलीही आहे. पण ते मनगट पूर्ण वळत नाही. पोळी लाटताना कोपर बाहेर काढते.

मागच्या महिन्यात मनीषाच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. एक नवी, तरुण मुलगी बाळाला गुंडाळून घेऊन आली होती. मनीषा तिच्या शेजारी बसली आणि आपली गोष्ट सांगायला लागली. हे ती सगळ्यांनाच सांगते. मी कशी मूर्ख, रंगासाठी लेकीला उन्हापासून लपवलं, तू असं करू नकोस, डॉक्टरांना विचार. आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आमच्या ताईंना बघ. शिकलेल्या नाहीत फार, पण यांनी पोराला पहिल्यापासून उन्हात वाढवलं. मीच विचारलं नाही यांना."

ती मुलगी माझ्याकडे आदरानं बघायला लागली. मी पदर नीट केला आणि तिला सांगितलं, दहा-अकराचं ऊन चांगलं असतं.