गंगाखेडची फेरी आणि शुद्ध पाणी

गंगाखेडला जायचं ठरलं ते दुकानामुळे. परभणीत एका सोलरच्या दुकानात मी फिटर आहे. गंगाखेडपलीकडच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मीच बसवलेली बॅटरी बंद पडली होती. ती तपासून वॉरंटीचा फॉर्म भरून आणायचा होता. निघण्याआधी पिशवी तीनदा उघडून पाहिली: मीटर, फॉर्म, पेन, दुसरं पेन.

तुम्हाला या बाजूला यायचं असेल तर सकाळची एसटी बरी. भाडं शंभराच्या आत. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जाणारी मंडळी उतरतात आणि बसायला जागा मिळते. तिथून पुढे तुरीच्या रानात जागोजागी सोलर पंपांच्या निळ्या प्लेटा दिसतात. शेजारी बसलेले काका खूश होते.

"पहिलं रातच्या लाइटीला जागावं लागायचं. आता दिवसा पाणी देतो न् रातच्याला झोपतो. तर बायको म्हनती, तुमी लय घोरायलाव!"

पंपाला बॅटरी लागत नाही, ऊन उतरलं की तो थांबतो. घराला मात्र ऊन साठवून ठेवावं लागतं. ते काम बॅटरीचं.

गंगाखेडच्या स्टँडवर गरम भजी आणि चहा घेतला (भजी घ्याच), मग नदीकडच्या रस्त्याला ऑटो. शेवटचा टप्पा पायी. विजेचे खांब वस्तीच्या बरेच अलीकडे संपतात.

आखाड्यावर कोंडाबाई आणि त्यांची सून सुनीता होत्या. घरची माणसं मेंढरं चारायला घेऊन गेली होती. सुनीताताईंचा एक पाय लहानपणापासून अधू आहे. पायाने मशीन चालत नाही, म्हणून बॅटरीवर मोटर जोडून त्या शाळेचे गणवेश शिवायच्या. आता मशीनवर गोधडी टाकलेली होती.

"दोन महिने झाले, दादा. गिऱ्हाइकं दुसरीकडं चाललीत," त्या म्हणाल्या.

बॅटरीची झाकणं उघडली. आत गढूळ पाणी, तळाशी बारीक वाळू.

"मावशी, यात पाणी कोणतं घातलं?"

"गंगेचं," कोंडाबाई म्हणाल्या. इथे गोदावरीला गंगाच म्हणतात. "तीनदा गाळून घातलं. तेबी आंगोळ करून. पारोशानं हात न्हाई लावला."

"मी म्हनलं जारचं आणू," सुनीताताई हसल्या. "तर ह्या म्हनल्या, जारचं कशाचं शुद्ध? तुमीच लिव्हलंय की इथं, शुद्ध पाणी."

बॅटरीच्या डब्यावर माझ्या हाताने लिहिलेलं स्टिकर होतं: 'दर दोन महिन्यांनी बॅटरीत शुद्ध पाणी भरावे.'

मी दहावी नापास आहे, पण माझं शुद्धलेखन चांगलं आहे. दुकानातली सगळी स्टिकरं मीच लिहितो. गॅरेजवाल्यापासून हमालापर्यंत सगळे 'बॅटरीचं पाणी' म्हणतात. बाटलीत मिळतं, त्यात क्षार नसतात. मला ते शब्द गावठी वाटले होते, म्हणून 'शुद्ध पाणी' लिहिलं.

फॉर्मवर 'बिघाडाचे कारण' असा रकाना होता. ग्राहकाची चूक असली की वॉरंटी बाद होते; सूचना चुकली असं लिहिलं तर त्यांना नवी बॅटरी मिळाली असती आणि बोट माझ्याकडे आलं असतं. हातातली नोकरी गेली तर दहावी नापासाला कोण ठेवणार, एवढंच डोक्यात होतं. मी लिहिलं: 'ग्राहकाने अशुद्ध पाणी वापरले.'

खाली सही हवी होती. सुनीताताईंनी ते मोठ्याने वाचलं.

कोंडाबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "गंगा अशुद्ध?"

"फॉर्ममध्ये तसंच लिहावं लागतं, मावशी."

"मंग बॅटरी माझ्या हातानंच मेली म्हन की."

मी पेन पुढे केलं. सुनीताताईंनी सासूकडे पाहिलं आणि सही केली. "लिव्हा. सायबाला काय लागतं ते तुमाला ठाऊक."

मी डब्यावरचं स्टिकर ब्लेडने खरवडून काढलं, खिशात घातलं आणि 'बॅटरीचं पाणी, दुकानात मिळतं' असं नवीन लावलं. कोंडाबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, ठेचा, मेंढीचं दूध घातलेला चहा. निघताना त्या म्हणाल्या, "लेकरा, एवढ्या लांबून आलास. माझ्या येडेपणानं तुला हेलपाटा."

परतीच्या बसला खिडकी मिळाली होती, पण प्लेटा पाहाव्याशा वाटल्या नाहीत. पोखर्णीला उतरून मागे फिरावं असं वाटलं. कंडक्टरने दोन वेळा घंटी दिली आणि बस निघाली.

सोमवारी मालकांना खरं सांगितलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आता काय उपयोग? कागद सकाळीच कंपनीला गेला. गिऱ्हाइकाची सही हाय त्याच्यावर."

तुमच्या घरी सोलरची बॅटरी असेल तर दुकानात 'बॅटरीचं पाणी' म्हणूनच मागा. आणि कुणी जाडजूड शब्दांत काही लिहून दिलं तर त्याला विचारा, म्हणजे नक्की काय?

कोंडाबाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. फोन सुनीताताईंकडे असतो. नंबर दोनदा लावला आणि वाजण्याआधी कापला. ते स्टिकर माझ्या वहीत आहे. काल पुन्हा वाचलं. 'महिन्यांनी'वर अनुस्वार आहे, 'शुद्ध'चा 'शु' ऱ्हस्व आहे, 'द'ला 'ध' नीट जोडलेला आहे. त्यात एकही चूक नाही.