वैनीचं गाऱ्हाणं

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी त्या सिनेमाचा विषय काढला की मी माडांना पाणी लावायच्या निमित्ताने उठायचो. आता वैनीच राहिली नाही, तेव्हा उठून जाण्यात अर्थ नाही.

आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत समुद्रातून राक्षस येतो अशा सिनेमाचं शूटिंग झालं. दिग्दर्शक माझ्याच घरी उतरला होता. त्याला मारामारी नको होती. जेवताना म्हणाला, "काका, राक्षस काय, कॉम्प्युटरवर होईल. तो ज्याच्या दारात येणार ते माणूस सापडत नाही." मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर माझं इतकं मन लावून कोणी ऐकलं नव्हतं. मी त्याला माणूस दिलं.

त्याच्या काही वर्षं आधी माझा चुलतभाऊ समुद्रात गेला, प्रेत मिळालं नाही. अशा वेळी दर्भाचा पुतळा करून जाळतात. मी दर्भ घेऊन गेलो, तेव्हा त्याच्या बायकोने, म्हणजे वैनीने, मला मागीलदारी बोलावलं. तो गेला त्या पहाटे दोघांचं भांडण झालं होतं. त्याने पेजेचा वाडगा फेकला आणि तो होडीकडे निघताना ती म्हणाली होती, "थंयच रव. परत येव नको."

"माझो शब्द ऐकान तो गेलो, भावजी," ती मला म्हणाली. "आता तेका जाळूक खंयच्या तोंडान सांगू?"

भावकीला काहीतरी कारण सांगून मी पुतळा टाळला. तिने मागच्या दाराला कडी लावणं सोडलं. का, ते फक्त मला ठाऊक होतं.

सिनेमा तयार झाल्यावर देवळासमोर पडदा लावून गावाला दाखवला.

"राकस खंय आसा रे?"

"तेचो मेकप झालो नसतलो."

"शेपटी दाखवल्यानी मगाशी. ती पण काळोखात."

मग पडद्यावरच्या नवऱ्याने पेजेचा वाडगा फेकला, बाई तेच शब्द बोलली. पुढे राक्षस तिच्या कडी नसलेल्या दारात येऊन नुसता बसला आणि ती त्याला नवरा समजून पेज वाढू लागली. हसणं थांबलं. माणसं वळून वैनीकडे बघू लागली. खोटं कशाला बोलू, प्रसंग इतका चांगला झाला होता की क्षणभर मला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी मासळीच्या टोपलीपाशी एकजण तिला म्हणाली, "म्हणजे तूच धाडलंस गो तेका." ज्यांची माणसं बोटीवर जात, त्या बायका पहाटे तिला वाटेत टाळू लागल्या.

देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे दुसऱ्याचं मागणं देवापुढे मोठ्याने मांडायचा मान आमच्या घराकडे, म्हणजे तेव्हा माझ्याकडे. वैनी नारळ घेऊन आली.

"भावजी, माझा गाराणा घाला. जेना ह्या भायर काढल्यान तेचा वायट नको. तेना फक्त माझ्या दारात येवन सांगूक होया, की मियां सांगलंय."

‘मी सांगितलं’ एवढंच तिला ऐकायचं होतं. त्या पहाटेचं तिने माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगितलंच नव्हतं. नारळ आपण कोणाच्या हातात देतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, जेना हिचा गुपित फोडल्यान, तेका हिच्या दारात धाड रे महाराजा." मागचे मानकरी म्हणाले, "होय महाराजा." नारळ फुटला. मी तिच्या घरावरूनच माझ्या घरी आलो. थांबलो नाही.

पुढेही ती नेहमीसारखीच बोलायची, कुंपणावरून अळू द्यायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती अंथरुणाला खिळल्यावर मी एकदा गेलो. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकलून उंबऱ्यात उभा राहिलो.

"कोण आसा?" आतून आवाज आला.

"मी गो. दार लोटून घेतंय, वारो येता."

मी दार लोटलं आणि परत आलो. नंतर ती गेली.

त्या उंबऱ्यात बोलायचं म्हणून घरून घोकून नेलेलं एवढंच होतं: वैनी, मियांच सांगलंय तेका. माझा चुकला. माका माफ कर.