सातपुते बाईंचा शब्द

कोल्हापुरात ऐन जेवणाच्या वेळी कुणाच्या घरी गेलं आणि "जेवलासा का?" असं विचारलं गेलं, की "आत्ताच जेवून निघाले" हे उत्तर ठरलेलं असतं. पोटात कावळे ओरडत असले तरी तेच. मग घरच्यांनी आग्रह करायचा, आपण नको नको म्हणायचं आणि शेवटी पानावर बसायचं. दोन्ही बाजूंना हे पाठ असतं. सातपुते बाई मात्र उंबऱ्यातच सांगून टाकत, "नाही जेवले. भूक लागलीय. पण थांबायला वेळ नाही." माझ्या सासूबाईंची पहिल्यांदा अशी काही पंचाईत झाली, की त्यांनी भाकरीवर झुणका घालून ती कागदात गुंडाळून बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती घेतली आणि भर रस्त्यात खात खात गेल्या. "ही बाई साधी म्हणायची की वेडी?" असं सासूबाई नंतर कितीतरी दिवस मला विचारत होत्या. मलाही नक्की सांगता येत नव्हतं.

मी मुलींच्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागले तेव्हा, म्हणजे सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमाराला, एस्तेर सातपुते तिथं गणित शिकवत होत्या. चंदगडकडच्या एका खेड्यात त्यांचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. बाईंनी लग्न केलं नव्हतं. बारीक काठाचं पांढरं पातळ, घट्ट अंबाडा आणि चपलांचा फटाक फटाक आवाज. तो आवाज जिन्यावर आला, की वरच्या मजल्यावरचे वर्ग आपोआप गप्प होत. त्या ख्रिस्ती होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी कुणाला कधी बोध केला नाही. मी एकदा थट्टेनं म्हटलं, "बाई, तुमची उपासना रविवारी तासभर. आम्हाला मात्र रोज देवपूजा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "रविवार सोपा असतो गं. खरी उपासना सोमवारी अकराला सुरू होते, शाळेची घंटा झाली की."

ही उपासना इतरांना जड जायची. शाळा तपासायला साहेब आले, की आमच्या मुख्याध्यापिका बाईंना कुठल्यातरी लांबच्या वर्गावर पाठवायच्या. कारण एका वर्षी साहेबांनी सहज विचारलं होतं, "प्रयोगशाळा बंद का?" आणि बाईंनी तितक्याच सहज सांगितलं होतं, "आत काही नाही म्हणून." कुणी रजेच्या अर्जात ताप आल्याचं लिहिलं आणि बाईंना "मी आजारी आहे एवढं सांगा" म्हणून विनवलं, तर त्या म्हणत, "अर्ज देईन, आजार सांगणार नाही." मागून आम्ही त्यांना हरिश्चंद्र म्हणायचो. पण अडचणीच्या वेळी सगळ्या त्यांच्याकडेच जायचो. त्या एकदा "करते" म्हणाल्या, की ते झालंच असं आम्ही धरून चालायचो.

मुलींनाही ते माहीत होतं. वर्गात काही मोडलं, हरवलं, की बाई म्हणत, "खरं सांगून टाका. माझ्या वर्गात खरं बोलणाऱ्याला भीती नाही." आणि खरोखरच नव्हती. काच फोडणारी मुलगी उभी राहायची, बाई तिला काचा गोळा करायला लावायच्या आणि स्वतः सोबत वाकून गोळा करायच्या. मुली त्यांना घाबरत होत्या, पण त्यांच्या शब्दावर विसंबूनही होत्या.

मी लागल्यावर दोन-तीन वर्षांनी दहावीच्या वार्षिक परीक्षेत (मॅट्रिक तेव्हा अकरावीला असे) गणिताचे पेपर तपासताना बाईंच्या लक्षात आलं, की काहीतरी बिनसलंय. मुद्दाम घातलेली, वर्गात कधी न घेतलेली दोन उदाहरणं निम्म्या मुलींनी न अडता सोडवली होती. प्रश्नपत्रिका तेव्हा शाळेतच छापत. बिघडलेले कागद ऑफिसच्या मागच्या टोपलीत टाकले जात. ते कुणाच्या तरी हाती लागले होते, हे उघड होतं, पण कुणाच्या ते कळायला मार्ग नव्हता. बाईंनी मुलींना वर्गात बोलावलं, दार लावून घेतलं आणि नेहमीचंच वाक्य म्हटलं. ज्यांनी पेपर आधी पाहिला त्यांनी उभं राहावं, खरं बोलणारीला भीती नाही.

एकच मुलगी उभी राहिली. शालन तिचं नाव. उचगावची, बाप फौंड्रीत कामाला. गणितात ती इतकी हुशार होती, की तिला पेपर आधी बघायची काही गरज नव्हती. मैत्रिणींनी दाखवला म्हणून पाहिला, एवढंच. त्या मैत्रिणी खाली माना घालून बसून राहिल्या. त्यांच्यातली एक संस्थेच्या पदाधिकाऱ्याची पुतणी होती. बाईंनी शालनला खाली बसवलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला, असं नंतर मुली सांगत.

कुजबुज मुख्याध्यापिकांच्या कानावर गेली. त्यांनी बाईंना बोलावून विचारलं, "कोण उभी राहिली?" बाईंनी नाव सांगितलं. त्यांना वाटलं होतं, पोरगी आपणहून उभी राहिली याचं मुख्याध्यापिकांना कौतुक वाटेल. तसं काही झालं नाही. बाकीच्यांविरुद्ध पुरावा नव्हता. शालनविरुद्ध तिचा स्वतःचाच कबुलीजबाब होता. तिला नापास केलं, दाखल्यावर शेरा मारला आणि शाळेतून नाव कमी केलं. बाकीच्या सगळ्या पास होऊन पुढच्या वर्गात गेल्या.

बाई मुख्याध्यापिकांच्या खोलीसमोर ठाण मांडून बसल्या. संस्थेच्या मंडळींच्या घरी गेल्या. राजीनामा देते म्हणाल्या, तर तो स्वीकारायला दोघं-तिघं आनंदानं तयार झाले. काही उपयोग झाला नाही. मग त्या उचगावला गेल्या, मला बरोबर घेऊन. शालनचा बाप ओसरीवर बसला होता. त्यानं आम्हाला घोंगडं अंथरून दिलं. बाई म्हणाल्या, मी तिला घरी शिकवते, बाहेरून परीक्षेला बसवते, तिचं शिक्षण तेवढं सोडवू नका. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमचं काय चुकलं न्हाय. पोरीनं चोरी केली, कबूल केली, मिटलं की. आता गावात तोंड दावायचं तर तिचं लगीन लावूनच टाकतो." आत शालन चूल फुंकत होती. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. उन्हाळा सरायच्या आत तिचं लग्न झालं. नवरा बिद्रीचा, साखर कारखान्यात कामाला.

उचगावहून परतताना मी बाईंना समजवायच्या भरात एक वाक्य बोलून गेले. म्हटलं, "बाई, तुम्हाला खोटं बोलायची गरजच नव्हती. मुख्याध्यापिकांना 'सांगणार नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं." बाई रस्त्यात थांबल्या. आजारपण सांगणार नाही, साहेबांपुढे लपवणार नाही, जेवायला थांबणार नाही, असे नकार त्या दिवसभर देत असत. नेमका तिथंच तो त्यांना सुचला नव्हता. "मला माझं खरेपण सांभाळायचं होतं," त्या म्हणाल्या. "विचारलं की सांगायचं, ही माझी ऐट. आणि पोरीला शब्द दिला होता तो राहिला बाजूला." मी काहीतरी बोलून सावरायला पाहिलं, पण बाईंनी हातानंच मला गप्प केलं.

त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरतं, मग द्राक्षरसाचे चिमुकले पेले. त्यांच्यात रीत अशी, की आपल्यामुळे कुणी दुखावलं असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन समेट करायचा आणि मगच प्रभूच्या मेजाशी यायचं. बहुतेक लोक मनातल्या मनात तो समेट उरकून घेतात, असं बाईच हसून सांगायच्या. एका पहिल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले होते, उपासनेनंतर आम्हाला एका सहशिक्षिकेकडे बारशाला जायचं होतं म्हणून. ताट आमच्या बाकावर आलं. बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि जसंच्या तसं शेजारणीकडे दिलं. पेल्यांचंही तसंच. शेजारणीला त्यात काही नवल वाटलं नाही, त्यावरून मी समजले की हे बरेच दिवस चाललेलं आहे. बाहेर आल्यावर बाईच म्हणाल्या, "माझा समेट व्हायचाय अजून."

तो समेट करायला त्या दर नाताळात बिद्रीला जात. नाताळचा फराळ करायच्या, करंज्या, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, आणि सगळ्यात मोठा डबा शालनसाठी भरायच्या. तिथं गेल्या की तिच्या सासूला सांगायच्या, तुमची सून फार हुशार आहे, माझ्यामुळे तिची शाळा सुटली. मग आत जाऊन शालनपुढे हात जोडायच्या. शालन म्हणायची, "असू दे बाई, काय त्याचं." चहा करायची, डबा रिकामा करून धुऊन परत द्यायची. बाई परत यायच्या त्या अधिकच गप्प होऊन. "तोंडानं असू दे म्हणते, मनातनं म्हणत नाही," असं त्यांना वाटायचं. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जायच्या. मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटत असे. चूक झाल्यावर इतक्यांदा हात जोडणारं माणूस मी दुसरं पाहिलं नव्हतं.

एका वर्षी बाईंचे गुडघे फार दुखत होते, म्हणून डबा धरायला मी सोबत गेले. कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि मळीचा वास घराघरांत शिरला होता. शालन आता दोन मुलांची आई होती, अंगानं भरली होती, डोक्यावर पदर. तिची सासू आम्हाला पाहून हसली आणि आत बघून ओरडली, "ये हुशारे, तुजी बाई आली बघ." शालननं चहा केला. बाईंनी हात जोडले. "असू दे बाई" झालं. सगळं दरसालासारखं झालं.

मग आम्हाला थांब्यापर्यंत सोडायला म्हणून ती बाहेर आली. घर नजरेआड झाल्यावर ती थांबली. "बाई, एक सांगू का? राग मानू नका."

"सांग की."

"मी तुमास्नी कवाच माफ केलंय. पयल्या साली आलासा तवाच. मनापासनं. पर तुमी येऊन गेलासा की मला घास जात न्हाय. इसरलेलं समदं वर येतंय. सासूबाई वरीसभर हुशारे हुशारे म्हणून हाक मारत्यात. भांडी घासताना बी, शेण काढताना बी." ती रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुमी येऊ नका आता. तुमाला लई वाटतंय म्हणून मी बोलले न्हाय इतकी वर्सं."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. बाईंकडे बघायचा धीर होईना. पुन्हा एकदा हात जोडायला बाईंनी रिकामा डबा माझ्याकडे दिला, आणि हात जोडलेच नाहीत. "बरं केलंस, सांगितलंस," त्या म्हणाल्या. "नाही येणार." तिच्या खांद्यावर हात ठेवायलाही त्या धजल्या नाहीत. आम्ही थांब्याकडे चालू लागलो. शालन मागं उभी होती की गेली, ते मी पाहिलं नाही.

एस.टी.त बाई खिडकीशी बसल्या होत्या. कारखाना मागं पडल्यावर म्हणाल्या, "ती माझ्यापुढे दोनदा खरं बोलली. पहिल्यांदा ते तिला भोवलं. निदान आता तरी भोवू नये." आणि मग, "मी तिच्याकडे जात होते ते माझ्यासाठी गं. माझं ओझं नेऊन दरसाल तिच्या दारात ओतत होते. तिनं ते झाडून काढायचं, वर मला चहा पाजायचा." ते खरंच होतं.

पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारनंतर, त्या शाळेत मला म्हणाल्या, "काल भाकरी घेतली." मला फार बरं वाटलं. मी विचारलं, "हलकं वाटलं ना मग?" त्या म्हणाल्या, "नाही. हलकं कुठलं? तिनं माफ केलं ते घेतलं पाहिजे म्हणून घेतली. केलेलं काही जात नाही. ते माझ्यापाशीच राहायचंय आता, तिच्याकडे न्यायचं नाही." एवढं बोलून त्या तासाला गेल्या. त्यांच्या वर्गात नंतरही चोऱ्यामाऱ्या झाल्या, काचा फुटल्या. पण खरं बोलणाऱ्याला भीती नाही, हे वाक्य बाईंच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. त्या म्हणत, "मला सांगायचं तर सांगा. मी कुणाला सांगणार नाही." आणि मुख्याध्यापिकांनी विचारलं, की तोंडावर नकार देत. त्यापायी त्यांना एकदा लेखी ताकीदही मिळाली.

निवृत्तीनंतर त्या फार जगल्या नाहीत. शेवटच्या आजारात मी मिशनच्या दवाखान्यात रोज संध्याकाळी जात असे. एका संध्याकाळी त्यांच्या देवळाचे पाळक प्रार्थना करून गेले आणि बाईंनी मला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता. "मी गेले की बिद्रीला निरोप धाडू नकोस."

मी म्हटलं, "बाई, तिला नंतर कळलं तर वाईट वाटेल."

"वाटेल. पण निरोप गेला तर ती येईल. चांगली पोर आहे, तिला यावंच लागेल," बाई म्हणाल्या. "मी तिला 'नाही येणार' म्हणून सांगितलंय. मेल्यावरही जायचं नाही."

बाई गेल्या तेव्हा जुन्या विद्यार्थिनींनी देवळाचं आवार भरून गेलं. शालनबरोबरच्या, पास होऊन पुढच्या वर्गात गेलेल्याही काहीजणी आल्या होत्या, आणि त्या मोकळेपणानं रडल्या. त्यांच्यातल्या एकीनं मला विचारलं, शालनला कुणी कळवलं का? मी म्हटलं, नाही. तिनं विचारलं, का बरं? मी म्हटलं, ते मी सांगणार नाही.